ब्रांकोविच घराण्याची वंशावळ मांडताना

मध्ययुगीन सर्बियातल्या या घराण्याची वंशावळ पहिल्या फटक्यात कुणाचीच जुळत नाही, कारण ‘ब्रांकोविच’ला आपण आडनाव समजून बसतो. शेवटचं ‘विच’ म्हणजे ‘चा मुलगा’. आपल्या मधल्या नावाचंच काम. ब्रांकोचा मुलगा वूक तो वूक ब्रांकोविच. पण वूकचा मुलगा जुराज काही कागदांत ‘वूकोविच’ असतो, आणि जुराजचा नातू वूक हा ‘ग्रगूरेविच’. नुसतं ‘ब्रांकोविच’ शोधलंत तर अर्धं घराणं हातचं जातं.

सगळ्यात वर ब्रांको म्लादेनोविच लिहा. त्याच्याखाली प्रत्येक चौकोनात चार गोष्टी हव्यातच: नाव, वडील, बायको कुणाची मुलगी, मृत्यूचं साल. सालाशिवाय गत्यंतर नाही, कारण ग्रगूर तीन आहेत (वूकचा भाऊ, वूकचा मुलगा, जुराजचा मुलगा) आणि मारा दोन. थोरली मारा वूकची बायको, धाकटी तिची नात, तुर्कांचा सुलतान दुसरा मुराद याला दिलेली.

बायका गाळू नका. थोरली मारा ही सर्बियाचा शासक (‘क्नेझ’, म्हणजे प्रिन्स) लाझार याची मुलगी. तिचा भाऊ स्तेफान लाझारेविच 1427मध्ये निपुत्रिक वारला आणि राज्य भाच्याकडे, जुराजकडे आलं. मामा-भाच्याची ही रेघ नसेल तर जुराज गादीवर कसा आला हे तक्त्यावरून कळणारच नाही.

आता सनावळी. जुन्या सर्बियन कागदांत जगाच्या उत्पत्तीपासूनचं साल असतं आणि वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होतं. जानेवारी ते ऑगस्टसाठी 5508 वजा करा, सप्टेंबर ते डिसेंबरसाठी 5509. शकाचं इसवी करताना 78 की 79 हा घोळ होतो, तसाच हा. जुराजने एस्फिग्मेन मठाला दिलेली सनद 6938 सालची, सप्टेंबरातली, म्हणजे 1429. तिच्यावर त्याचं अख्खं कुटुंब चितारलेलं आहे, मुलं ताडून पाहायला याहून चांगला पुरावा नाही. स्मेदेरेवो किल्ल्याच्या बुरुजावर विटांनी लिहिलेलं सालही 6938च आहे. तिथे महिना नाही, म्हणून ‘1429/30’ असंच लिहा.

सर्ब आणि तुर्क यांच्यातली कोसोवोची लढाई जुन्या (ज्युलियन) पंचांगाने 15 जून 1389. हल्ली स्मरणदिन 28 जूनला असतो, पण जुन्या आणि नव्या पंचांगातला तो 13 दिवसांचा फरक आजचा आहे. चौदाव्या शतकात तो 8 दिवसांचा होता. तक्त्यात 15 जूनच ठेवा.

वूकच्या चौकोनात ‘फितूर’ लिहू नका. कोसोवोत दगा दिल्याचा तो ठपका नंतरच्या परंपरेतला. लढाईनंतरही तो काही वर्षं तुर्कांपुढे नमला नव्हता. 1392मध्ये स्कोपये शहर तुर्कांच्या हाती पडल्यावर त्यांचा मांडलिक झाला आणि 1397मध्ये वारला.

शेवटचा सापळा सतराव्या शतकातला. काउंट जोर्जे ब्रांकोविच स्वतःला याच घराण्याचा वंशज म्हणवत असे. पण या घराण्यातला देस्पोत (ही राज्यकर्त्याची पदवी) योवान 1502मध्ये मुलगा न ठेवता वारला आणि त्याचा भाऊ त्याआधीच साधू होऊन माक्सिम झाला होता. काउंटचा चौकोन काढायचाच असेल तर बाजूला काढा, रेघ जोडू नका.