सरकीच्या पेंडीतलं मुक्त गॉसिपॉल कसं मोजावं

सरकीचा गर कापला की बारीक काळपट ठिपके दिसतात. त्या ग्रंथींमध्ये गॉसिपॉल हे पिवळं, विषारी रंगद्रव्य असतं. तेल काढण्याआधी सरकी शिजवली जाते, तेव्हा त्यातलं बरंचसं प्रथिनांतल्या लायसिन या अमिनो आम्लाला चिकटून ‘बद्ध’ होतं. उरतं ते ‘मुक्त’. कोंबड्यांना आणि डुकरांना मुख्यतः हे मुक्त गॉसिपॉल बाधतं. म्हणून अहवालात मुक्त की एकूण, हे लिहिलंच पाहिजे.

नमुना थांबत थांबत दळा. चक्की तापली तर मुक्त गॉसिपॉल तिथेच बांधलं जातं. १ ग्रॅम पेंड (दळलेली सरकी असेल तर पाव ग्रॅम) बुचाच्या फ्लास्कमध्ये घ्या, काचेचे मणी आणि ७० टक्के ॲसिटोनचं नेमकं ५० मिलि द्रावण घालून तासभर हलवा. गाळताना नरसाळ्यावर काच झाका, नाहीतर ॲसिटोन उडून आकडा फुगतो. गाळून आलेल्या अर्काचे पहिले काही थेंब टाकून द्या.

आता २५ मिलिच्या दोन फ्लास्कमध्ये सारखाच, समजा ५ मिलि अर्क घ्या. ‘अ’ फ्लास्क ८० टक्के आयसोप्रोपॅनॉलने खुणेपर्यंत भरून बाजूला ठेवा. ‘ब’मध्ये २ मिलि ॲनिलिन (गॉसिपॉलशी मिळून पिवळा रंग देणारं रसायन) घालून उकळत्या पाण्यात ३० मिनिटं ठेवा. ॲसिटोन उसळतं, त्यामुळे बूच घट्ट लावू नका. तेवढंच ७० टक्के ॲसिटोन आणि ॲनिलिन घेतलेला ब्लँकही (नमुन्याचा अर्क नसलेला फ्लास्क) सोबत तापवा. निवल्यावर दोन्ही त्याच आयसोप्रोपॅनॉलने भरा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४४० नॅनोमीटरला प्रकाशशोषण वाचा: ‘अ’ आयसोप्रोपॅनॉलवर शून्य करून, ‘ब’ ब्लँकवर. ‘ब’मधून ‘अ’ वजा करायचं. घाईत ‘अ’ वगळला, तर पेंडीचा स्वतःचा पिवळेपणाही गॉसिपॉल म्हणून मोजला जातो. तपकिरी, जास्त शिजलेल्या पेंडीत ही चूक सर्वांत मोठी असते.

तुलनेच्या प्रमाण द्रावणासाठी बहुधा गॉसिपॉल-ॲसिटिक ॲसिड मिळतं आणि त्यात गॉसिपॉल ८९.६ टक्केच असतं. २७.९ मिग्रॅ घेतलं तर २५ मिग्रॅ गॉसिपॉल. २५० मिलिमध्ये ते ०.१ मिग्रॅ प्रति मिलि होतं. यातून ०.०२ ते ०.२ मिग्रॅपर्यंतचे भाग घेऊन, त्यांच्यावरही हीच प्रक्रिया करून आलेख काढा. द्रावण उजेडात बिघडतं, तेव्हा रोज ताजं करा.

उदाहरणार्थ, ‘अ’ वजा केल्यावर ‘ब’ फ्लास्कमध्ये आलेखावरून ०.०६ मिग्रॅ आलं. ५० मिलिपैकी ५ मिलि घेतलं होतं, म्हणजे एका ग्रॅममध्ये ०.६ मिग्रॅ, अर्थात ०.०६ टक्के किंवा ६०० पीपीएम.

ब्लँकचा आकडा चढला की आधी ॲनिलिनच्या बाटलीकडे पाहा. लालसर-तपकिरी झालं असेल तर चिमूटभर जस्ताच्या भुकटीवर ऊर्ध्वपातन करा, सुरुवातीचा आणि शेवटचा दहावा भाग टाकून द्या आणि उरलेलं गडद बाटलीत फ्रीजमध्ये ठेवा. ॲनिलिन त्वचेतून शरीरात जातं. हातमोजे आणि फ्यूम हूड दोन्ही हवेतच.

एकूण गॉसिपॉलसाठी ॲसिटोन पुरत नाही. ३-अमिनो-१-प्रोपॅनॉल आणि ॲसिटिक ॲसिड असलेल्या डायमिथिलफॉर्मामाइडमध्ये नमुना तापवला की बद्ध भागही सुटतो. पुढे रंग ॲनिलिननेच आणतात. गॉसिपॉलच्या डाव्या आणि उजव्या रूपांचे (आरशातल्या प्रतिमेसारख्या रेणूंचे) आकडे वेगळे हवे असतील तर एचपीएलसी, म्हणजे दाबाखाली द्रव सोडून घटक वेगळे करणारं तंत्रच लागतं.