कार्बन टॅक्सवर वाद घालायचाय? आधी लाईट बिल हातात घ्या

परवा नाशिकच्या इंदिरानगरला सोसायटीच्या मीटिंगमध्ये सोलरचा विषय निघाला आणि दहा मिनिटांत गाडी कार्बन टॅक्सवर गेली, म्हणजे कोळसा-तेल जाळून जो कार्बन हवेत जातो त्यावरचा कर, एक काका म्हणे आता श्वासावर पण टॅक्स लावतील, पोरं म्हणे लावायलाच पाहिजे, आणि बिल कुणाच्याच हातात नाही. मला खरंच वाईट वाटलं, विषय इतका जवळचा आहे ना.

तर पहिलं काम, कायदा आणि टॅक्स वेगळे करा, कायदा वस्तू किती वीज खाईल ते बघतो, टॅक्स जाळण्यावर पैसे लावतो. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, फ्रिज-एसीवरचे स्टार त्याच्यातूनच आले, सीलिंग फॅनला स्टार लेबल २०२३ पासून कंपल्सरी झालं. टॅक्सचं म्हणाल तर 'कार्बन टॅक्स' नावाने आपल्याकडे काही नव्हतं पण कोळशावर सेस, म्हणजे वरचा जादा कर, होता, २०१० ला टनामागे ५० रुपये, २०१६ ला ४००, आणि सप्टेंबर २०२५ ला तो काढून जीएसटी ५ चा १८ टक्के केला. हे मला पटलेलं नाही. टक्का किमतीवर लागतो, म्हणजे जास्त राखेचा स्वस्त कोळसा जाळला की टनामागे टॅक्स पण कमी.

आता बिलावरचे युनिट बघा. समजा १५०. युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरा (एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या धुराड्या आठवा), सगळी वीज कोळशाचीच मानली तरी टनाला ४०० रुपये सेसच्या हिशोबाने युनिटला २८ पैसे, महिन्याला ४२ रुपये. मग घरातले पंखे मोजा. जुना ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) ३० च्या आसपास, रोज १२ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात, तीन पंख्यांचे ४८. त्याला तुमच्या स्लॅबच्या दराने गुणा आणि ४२ च्या शेजारी लिहा, कागदावरच लिहा, तोंडी सांगितलं की कुणी ऐकत नाही.

पण भाडेकरूला विसरू नका. मी सिडकोत भाड्याने राहायचो तेव्हा खोलीत जुना पंखा होता, एक नंबरवर पण घरघर करायचा आणि वारा नाही, मालकांना म्हटलं बदला तर म्हणे चालतोय ना. पंखा त्यांचा, बिल माझं. तिथे टॅक्स वाढवून मालकाला काय फरक पडणार? भाडेकरूला वाचवायचं तर दुकानात येणारा पंखाच बरा असला पाहिजे, आणि ते काम कायद्याचं. म्हणून मी म्हणतो कायदा आधी कडक करा, आणि टॅक्स लावलाच तर त्याचे पैसे कमी युनिटवाल्यांच्या बिलात वजा होऊन दिसले पाहिजेत.

समोरचा अंबड-सातपूर एमआयडीसीतला कारखानदार असेल तर त्याला वेगळं विचारा. युरोपने १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या लोखंड-स्टीलवर कार्बनचे पैसे धरायला सुरुवात केलीये, नट-बोल्ट पण त्यात येतात, आणि आपल्याकडे कार्बनची किंमत भरली असेल तर ती तिथे वजा होऊ शकते. मग तो पैसा तिकडे जाऊ द्यायचा की इथेच ठेवायचा? काकांना मी हेच विचारलं, ते बोलले नाहीत पण पुढच्या रविवारी सगळ्यांनी तीन-तीन महिन्यांची बिलं आणायची असं त्यांनीच ग्रुपवर टाकलंय.