नाताळच्या प्रसंगात आधी कोणाला शोधायचं

सणाला तिकीट खिडकीवर कोणाला तरी बसावंच लागतं. मी २८ वर्षं रेल्वेच्या बुकिंगमध्ये काढली. लक्ष्मीपूजनाच्या कितीतरी संध्याकाळी काचेमागे गेल्या. सुट्टे देता देता समोरच्या हातांतले मिठाईचे पुडे, हारांच्या पिशव्या दिसायच्या. सगळ्यांना कुठेतरी पोचायचं असायचं.

म्हणून १९९५ सालचा ‘व्हाइल यू वेअर स्लीपिंग’ पाहताना मी खुर्चीत पुढे सरकून बसले. शिकागोच्या लोकलच्या खिडकीत टोकन घेणारी ल्यूसी, म्हणजे सँड्रा बुलक. तिला घरचं कोणी नाही, त्यामुळे नाताळची ड्यूटी तिच्याच गळ्यात. रोज समोरून जाणारा, मनात भरलेला माणूस त्या दिवशी ‘मेरी ख्रिसमस’ म्हणतो आणि हिच्या तोंडून वेळेवर शब्दच फुटत नाही. तेव्हापासून रोमँटिक कॉमेडीतला नाताळ मी एका ठरावीक पद्धतीने बघते आणि भाचीलाही तसाच बघायला लावते.

बर्फ आणि दिवे आपोआप दिसतातच. तुम्ही आधी असा माणूस शोधा, ज्याला आज जायला ठिकाण नाही. एरवी गर्दीत खपून जाणारं एकटेपण सणाच्या दिवशी उघडं पडतं, आणि या सिनेमांची सगळी गोडी तिथून सुरू होते. अर्न्स्ट लुबिचचा १९४० चा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ घ्या. बुडापेस्टमधलं दुकान, नाताळची आदली संध्याकाळ. इस्पितळातून नुकताच बाहेर आलेला मालक बर्फात दुकानाबाहेर उभा राहून नोकरांना विचारतो, आज जेवायला कुठे? प्रत्येकाचं काही ना काही ठरलेलं. शेवटी उरतो रूडी, नवा पोऱ्या, ज्याचं त्या शहरात कोणी नाही. मालक त्याला जेवायला नेतो आणि काय काय मागवायचं ते सांगत सुटतो: सूप, भाजलेला हंस, बटाटे, काकडीची कोशिंबीर. पोराचा चेहरा उजळत जातो. नायक-नायिकेचं जुळणं आत दुकानात व्हायचंच असतं, पण माझा ऊर भरून येतो तो या फुटपाथवर. मात्र एवढाच तुकडा काढून बघू नका. त्या मालकावर आधी काय गुदरलंय हे ठाऊक नसेल, तर ते नुसतं जेवणाचं आमंत्रण वाटेल.

मग हातांकडे बघा. ‘व्हेन हॅरी मेट सॅली’मध्ये (१९८९) एका वर्षी दोघं मिळून नाताळचं झाड घरी नेतात. पुढच्या वर्षी सॅली ते एकटीच ओढत नेते. काय हरवलंय ते त्या झाडाच्या वजनावरून कळतं. ल्यूसीसुद्धा आपलं झाड एकटीच दोरीने वर ओढते आणि ते घरमालकाच्या खिडकीवर आदळतं.

‘लव्ह अ‍ॅक्चुअली’तला (२००३) एमा थॉम्प्सनचा प्रसंग दोनदा बघा. नवऱ्याच्या कोटाच्या खिशात तिला गळ्यातला हार सापडलेला असतो, पण तिच्या भेटीच्या पाकिटातून निघते गायिका जोनी मिचेलची सीडी. म्हणजे हार दुसरीसाठी होता. दुसऱ्यांदा बघताना आवाज बंद करा. बेडरूममध्ये रडता रडता ती पलंगावरची चादर सारखी करते. बाहेर मुलं थांबली आहेत, सावरून जायचं आहे. एवढं खरं दुःख हलक्याफुलक्या सिनेमात मावतं ते नाताळमुळेच, कारण त्या दिवशी घर हसतंच ठेवावं लागतं.

बघायला बसण्याआधी ठाण्यात असाल तर २४ तारखेला संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारा, सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चपाशी थोडं थांबा. घरी आल्यावर ट्यूबलाइट बंद करा. पंखाही बंद करा, डिसेंबरात चालतं, आणि हळू बोललेलं नीट ऐकू येतं. सबटायटल्स चालू, फोन दुसऱ्या खोलीत. आमच्याकडे शेजारच्या ख्रिस्ती काकूंचे कुलकुल येतात, नाताळचे गोड तळलेले शिंपले, कंगव्यावर वळलेले. दिवाळीचा आमचा फराळ त्यांच्याकडे गेलेला असतो.

ल्यूसीचा सिनेमा मी शेवटी लावते. शेवटी ती पुन्हा त्याच खिडकीत बसलेली असते आणि काचेखालच्या खळग्यात टोकनऐवजी अंगठी पडते. काचेपलीकडे जॅक, त्या ‘मेरी ख्रिसमस’ म्हणणाऱ्याचा भाऊ, आणि त्याच्यासोबत त्याचं सगळं घर. तिथे जॅककडे नंतर बघा. आधी बघा, इतकी वर्षं दुसऱ्यांची टोकनं उचलणारा तो हात अंगठीपाशी कसा थांबतो.