बी.एड.च्या वर्गात पर्यावरण शिकवताय? या चुका टाळा

गेल्या वर्षी आमच्या एका छात्राध्यापिकेने ‘प्लास्टिकमुक्त शहर’ या पाठासाठी तक्ता आणला होता. थर्माकोलवर चिकटवलेला आणि वरून चकचकीत प्लास्टिक. पाठ रंगला, मी गुणही भरभरून दिले. ठाणे स्टेशनच्या पुलावर चढताना डोक्यात प्रकाश पडला: सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासूनच बंदी आहे! चूक तिची म्हणावी तर पाठनिरीक्षणाच्या कागदावर ‘शैक्षणिक साधन आकर्षक आहे का?’ हा रकाना आम्हीच ठेवलेला. आता तिथे ‘साधन पुढच्या वर्गाला वापरता येईल का?’ असं विचारतो. मग जुनी चादर येते, काळा फळा येतो, कधी नुसती करंजाची शेंग येते.

दुसरी चूक सहलीची. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. एवढं पाठ करून विद्यार्थी ऐरोलीला येतात आणि दिसतं काय, तर नुसतं पाणी. कारण तारीख आपण सुट्टी पाहून ठरवलेली, भरती न पाहता. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उथळ चिखलात चरतात. भरतीत तो चिखलच बुडाला की ते दूर जातात. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, म्हणजे सहा तासांनी, पावणेदहाच्या सुमारास ओहोटी. खाडीत आत थोडं मागेपुढे होतं, पण सहलीपुरतं चालतं. हा हिशोब भावी शिक्षकांकडूनच करून घ्या. भूगोल आणि गणित दोन्ही तिथेच होतं.

तिथे गेल्यावर पहिला उद्गार ठरलेला: “ई, गटाराचा वास!” खाडीत सांडपाणी येतं हे खरंच आहे, पण सगळा वास त्याचा नसतो. तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांखालच्या चिखलात हवा पोचत नाही, तिथे पाला कुजतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतोच. म्हणून तर तिवराची मुळं पेन्सिली खोचल्यासारखी वर येतात, श्वास घ्यायला. एका मुलीला मी तिवराच्या पानावरून बोट फिरवून जिभेला लावायला सांगितलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बोट चाटलं आणि म्हणाली, “खारट!” झाड नको असलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं, हे नंतर कुणाला सांगावं लागलं नाही.

वृक्षारोपणाबद्दल थोडक्यात: जुलैत खड्डा, फोटो, आणि मे महिन्यात काटकी. नवीन लावण्याआधी आवारातलं एखादं जुनं झाड प्रत्येकाच्या नावावर करा. बी.एड. दोन वर्षांचं आहे. बहावा किंवा ताम्हण दोनदा फुललेला पाहून तारखा वहीत लिहिल्या तरी पुष्कळ.

सगळ्यात अवघड जागा मात्र वर्गात येते. इंटर्नशिपला गेलेला आमचा एक मुलगा सहावीला ओला-सुका कचरा शिकवत होता. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन डबे त्याने छान काढले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, आई वेगळा करते, पण गाडीत तर सगळा एकत्रच टाकतात. मग कशाला?” सर म्हणाले, “तो आपला विषय नाही.” वर्ग तिथेच संपला, घंटा व्हायला वीस मिनिटं होती तरी.

अशा वेळी विषय टाळू नका आणि खोटं तर मुळीच बोलू नका. “मला माहीत नाही, आपण बघू या,” इतकं पुरतं. मुलांना आठवडाभर गाडीची नोंद करू द्या: किती वाजता आली, आत वेगळे कप्पे होते का, कोणता डबा कुठे रिकामा झाला. गाडीवरच्या कामगारांशी नीट बोलायला शिकवा, ‘कचरेवाला’ म्हणून नाही, काका किंवा दादा म्हणून. त्यांना खरी अडचण सगळ्यांत आधी ठाऊक असते. खरोखर एकत्रच जात असेल, तर नोंदींसह वॉर्ड ऑफिसला अर्ज लिहा. पाठ टाचणात तो उपक्रम म्हणून धरा, गुण त्याला द्या.

अर्ज हातानेच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसेल तर पुढच्या खेपेला खिडकीतला माणूस पहिल्यापासून सुरुवात करायला लावतो.