कोड रिलीज करण्याआधी त्याची मालकी पक्की कशी करायची

मोठा ग्राहक किंवा गुंतवणूकदार तपासणीला बसला की हमखास विचारतो: हा सगळा कोड तुमचाच आहे का, आणि तसं दाखवता येईल का? सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी इथे कागद कमी पडले की व्यवहार अडतो. सह्या गोळा करायला आणि एखादी लायब्ररी बदलायला वेळ जातोच, त्यामुळे हे काम रिलीजच्या निदान सहा आठवडे आधी हाती घ्या.

कॉपीराइट मिळण्यासाठी नोंदणी लागत नाही. बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारानुसार कोड लिहिला गेला की हक्क निर्माण होतो आणि बौद्धिक संपदेवरच्या १९९४ च्या ट्रिप्स या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम १० सोर्स कोड (माणसाने लिहिलेला) व ऑब्जेक्ट कोड (त्यातून मशीनसाठी तयार झालेला) दोन्हींना साहित्यकृतीचा दर्जा देतं. संरक्षण मिळतं ते लिहिलेल्या कोडला. त्यामागची कल्पना घेऊन कुणी स्वतः नव्याने कोड लिहिला तर कॉपीराइटच्या जोरावर त्याला अडवता येत नाही. आणि हा हक्क मुळात लिहिणाऱ्याचा असतो. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतात.

म्हणून आधी नावं काढा. रिपॉझिटरीत (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायच्या जागेत) गिट शॉर्टलॉग ही कमांड चालवून कोड लिहिणाऱ्यांची नावं आणि ईमेल यांची यादी घ्या. एकच माणूस दोन-तीन ईमेलने दिसेल, ते मेलमॅप फाइलमध्ये एकत्र करा. मग प्रत्येक नावासमोर सही केलेला करार आहे का ते पाहा. पगारी कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड सहसा कंपनीचा ठरतो. फ्रीलान्सरचं तसं नाही: बिल चुकतं केलं म्हणून कॉपीराइट तुमच्याकडे येत नाही, त्यासाठी लेखी हस्तांतरण लागतं. संस्थापकांनी कंपनी स्थापन होण्याआधी लिहिलेला कोडही याच यादीत धरा. तो कंपनीच्या नावावर करायचा नेमका राहून जातो.

करारातलं एक वाक्य भिंग लावून वाचा. ‘हक्क देण्याचं मान्य करतो’ हे भविष्यातलं वचन झालं. ‘हक्क याद्वारे देत आहे’ असं लिहिलं तर हस्तांतरण त्या कागदानेच होतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विरुद्ध रोश या पेटंटच्या खटल्यात एकाच संशोधकाने दोन ठिकाणी अशा दोन वेगळ्या शब्दांत सह्या केल्या होत्या, आणि विद्यापीठाकडचं वचन दुसऱ्या कंपनीकडच्या थेट हस्तांतरणापुढे टिकलं नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही निकाल विद्यापीठाच्या विरोधातच गेला. तेव्हा क्रियापद वर्तमानकाळातलंच हवं.

पुढचं काम बाहेरून आलेल्या कोडचं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. थेट घेतलेली पॅकेजेस वीस-पंचवीस असली तरी लॉक फाइल (वापरलेल्या सगळ्या पॅकेजेसची नेमकी यादी) उघडली की त्यांच्यामागून आलेली शेकडो नावं दिसतात. स्कॅनकोड किंवा फॉसॉलॉजी हे लायसन्स शोधणारं टूल चालवून प्रत्येकाचं लायसन्स एसपीडीएक्स या प्रमाण यादीतल्या ठरलेल्या नावाने नोंदवा. फक्त पॅकेजची माहिती वाचणाऱ्या टूलवर विसंबू नका. कुणीतरी उचलून ‘वेंडर’ फोल्डरमध्ये टाकलेली, वरचा लायसन्सचा मजकूर खोडलेली फाइल त्याला सापडत नाही; ती हाताने तपासावी लागते.

यादी तयार झाली की वर्गवारी सोपी जाते. एमआयटी, बीएसडी आणि अपाचे २.० ही लायसन्स चालतात, त्यांची सूचना आणि लायसन्सचा मजकूर सोबत द्यायचा एवढंच. अपाचेत पेटंटची परवानगीही मिळते, मात्र त्याच सॉफ्टवेअरवरून पेटंटचा दावा लावणाऱ्याची ती परवानगी जाते. एलजीपीएल (जीपीएलचा सौम्य प्रकार) लायसन्सची लायब्ररी वेगळी ठेवा, म्हणजे वापरणाऱ्याला ती बदलता येईल. जीपीएलचं बंधन, म्हणजे त्यावर बांधलेल्या प्रोग्रॅमचा सोर्सही त्याच लायसन्सखाली द्यायचा, सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हाती दिलं की लागू होतं. एजीपीएलचा कोड तुम्ही बदलला असेल, तर नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही सोर्स द्यावा लागतो, त्यामुळे ‘आम्ही फक्त सर्व्हरवर चालवतो’ हे उत्तर तिथे पुरत नाही. ‘फक्त जीपीएल २’ असलेला कोड आणि अपाचे २.० चा कोड एकाच प्रोग्रॅममध्ये जोडून वाटता येत नाही. जीपीएल ३ सोबत अपाचे चालतं. लायसन्सच नसलेला कोड म्हणजे फुकटचा माल नव्हे, त्याचे सगळे हक्क मालकाकडे राखीव असतात. स्टॅक ओव्हरफ्लोवरून उचललेल्या तुकड्यांनाही सीसी बाय-एसए (मूळ लेखकाचं नाव द्या, बदल त्याच लायसन्सखाली वाटा) हे लायसन्स असतं.

वेब फ्रंटएंडमध्ये एक चूक वारंवार होते. मिनिफायर (कोडचा आकार कमी करणारं टूल) टिप्पण्या काढून टाकतो आणि त्यांच्यासोबत एमआयटीची सूचनाही जाते. सूचनेची टिप्पणी उद्गारचिन्हाने सुरू केली तर बरेच मिनिफायर ती राखतात. तरीही बिल्ड झाल्यावर अंतिम फाइल उघडून स्वतः बघा. सगळ्या सूचना वेगळ्या फाइलमध्ये काढून ती बंडलसोबत देणं अधिक खात्रीचं.

नको असलेला जीपीएल घटक सापडलाच तर घाबरू नका. पर्यायी लायब्ररी शोधा, किंवा मालक व्यावसायिक लायसन्स विकतो का ते विचारा. जीपीएल ३ मध्ये त्या मालकाकडून पहिल्यांदाच नोटीस आली असेल आणि ३० दिवसांत चूक सुधारली, तर हक्क परत मिळतात. जीपीएल २ च्या मजकुरात ही सवलत नाही.

पेटंटचा विचार असेल तर तो वरच्या सगळ्याच्या आधी करा, कारण इथे वेळ निघून गेली की परत येत नाही. परिषदेतला डेमो, खुली रिपॉझिटरी, सविस्तर रीडमी या सगळ्यांनी पेटंटसाठी लागणारं नावीन्य जाऊ शकतं. अमेरिकेत स्वतः उघड केल्यापासून एक वर्षाची मुदत मिळते. युरोपात अशी सर्वसाधारण सवलत नाही. पहिला अर्ज केला की पॅरिस करारानुसार १२ महिन्यांच्या आत इतर सदस्य देशांत त्याच तारखेच्या अग्रक्रमाने अर्ज करता येतो. अमेरिकेतल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अ‍ॅलिस निकालानंतर ‘जुनीच कल्पना, पण कॉम्प्युटरवर’ एवढ्यावर तिथे पेटंट टिकत नाही. मेमरी किती वाचली, नेटवर्कच्या फेऱ्या किती कमी झाल्या, याची आधीची आणि नंतरची मोजमापं जपून ठेवा. वकिलाला अर्जात तांत्रिक परिणाम मांडायला तीच लागतात.

जे पेटंट करायचं नाही आणि उघडही करायचं नाही, ते व्यापारी गुपित. ट्रिप्सच्या कलम ३९ नुसार ते खरोखर गुप्त असावं, गुप्ततेमुळे त्याला किंमत असावी आणि ते जपायला तुम्ही वाजवी उपाय केलेले असावेत. तिसरी अट कागदावर सिद्ध करावी लागते: कुणाला कुठली रिपॉझिटरी दिसते याची यादी, गोपनीयतेचे करार, आणि माणूस सोडून गेला त्याच दिवशी बंद केलेला अ‍ॅक्सेस. मोलाचं लॉजिक ब्राउझरमध्ये किंवा मोबाइल अ‍ॅपमध्ये पाठवू नका, सर्व्हरवरच ठेवा.

की किंवा पासवर्ड चुकून कमिट झाला (रिपॉझिटरीत नोंदला गेला) तर पुढच्या कमिटमध्ये खोडून उपयोग नाही, तो इतिहासात राहतो. आधी ती की रद्द करून नवी घ्या. मग गिट फिल्टर-रेपो या टूलने इतिहास साफ करा आणि गिटलीक्स या गुपितं शोधणाऱ्या टूलने पुन्हा तपासा. हा क्रम उलटा करू नका, कारण जुने क्लोन आणि फोर्क (इतरांकडे गेलेल्या प्रती) तुमच्या हातात नसतात.

शेवटी पुरावा. कमिटवरची तारीख कुणालाही हवी तशी टाकता येते, त्यामुळे वादात तिला फारसं वजन नाही. रिलीजचा टॅग डिजिटल सहीने करा, सोर्सच्या संग्रहाचा हॅश (मजकुरातून निघणारा डिजिटल ठसा) काढा आणि त्यावर आरएफसी ३१६१ या टाइमस्टॅम्पच्या मानकानुसार बाहेरच्या सेवेचा टाइमस्टॅम्प घ्या. तो टाइमस्टॅम्प, लायसन्सची यादी आणि सह्यांचे करार एकाच फोल्डरमध्ये, रिलीजच्या क्रमांकाने ठेवा.