चाळीसच्या वर्गात खो-खो असा खेळवा की कुणी कडेला बसणार नाही

खो-खोचं पूर्ण मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. त्यात आठ जण बसलेले, एक पाठलाग करणारा आणि तीन पळणारे, म्हणजे एका वेळी १२ मुलं. वर्गात ४० असतील तर २८ जण कडेला बसून मातीत रेघोट्या ओढतात. आतल्या १२ मध्येही खो फिरतो तो दोन-तीन चपळ मुलांतच. ‘आमच्या मुलांना खेळाची आवड नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

त्याच जागेत फक्कीने चार छोटी मैदानं आखा. प्रत्येक १२ मीटर लांब, साडेसहा मीटर रुंद, आणि दोन मैदानांमध्ये ३ मीटर पट्टा मोकळा. जागा वाचवायला हा पट्टा कमी करू नका. मागे बघत पळणारी मुलं तिथेच एकमेकांवर आदळतात. मधल्या रेषेवर दोन-दोन मीटरवर बसायच्या पाच खुणा करा, टोकांना दोन-दोन मीटर राहतात. खांबाच्या जागी नुसतं वर्तुळ पुरे. न पुरलेला बांबू मुलाने धरला की त्याच्यासकट खाली येतो.

दहा-दहाचे गट करा. कप्तानांना मुलं निवडू देऊ नका. शेवटी कोण उरतं हे सगळ्या वर्गाला ठाऊक असतं. रंगीत फिती वाटा. प्रत्येक गटात सहा जण पाठलागाला (पाच बसलेले, एक उभा) आणि चार पळायला. त्यातली पहिली जोडी एक मिनिट पळेल, मग दुसरी. दोन मिनिटांचा डाव झाला की पुढचे चार. अशा पाच डावांत प्रत्येकाला दोनदा पळायला मिळतं, आणि अदलाबदल धरून १५ मिनिटांत काम होतं. ३५ मिनिटांच्या तासात आधीच्या लंगडीला आणि पाण्याला वेळ उरतो.

नियम तीनच बदला, जास्त बदल मुलं लक्षात ठेवत नाहीत. शिवला गेलेला बाद नाही: पाठलागाच्या संघाला एक गुण, आणि त्याने जवळच्या वर्तुळाला पाय लावून परत आत यायचं. नेहमीच्या खेळात सगळ्यात आधी बाद होऊन बसतो तो मुलगा, ज्याला पळायची सगळ्यात जास्त गरज असते. दुसरं, दोन बसलेल्यांना ओलांडलं की खो दिलाच पाहिजे. तोंडं एकाआड एक असल्याने पाठ असलेला कुणीतरी मिळतोच. तिसरं, एका मिनिटात सहाही जण पळाले तर संघाला एक गुण जादा. हळू मुलाला खो दे म्हणून ओरडावं लागत नाही, मुलं स्वतःच देतात.

उकिडवं बसायला ज्याला जमत नाही (वजन, गुडघा, पायातली पट्टी), त्याला खुणेवर गुडघे किंचित वाकवून उभं राहू द्या. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी पाठीवरची थाप हाच खो, मात्र ती ठसठशीत हवी. डाव संपल्यावर शिट्टीबरोबर लाल रुमाल उंच धरा. चाकाची खुर्ची मऊ मातीत रुतते, म्हणून त्या दिवशी एका गटाला फरशीवर लगोरी द्या. सात ठिकऱ्या बाकावर रचा, नेमाच्या रेषा ३ आणि ५ मीटरवर, चेंडू कापडी. दृष्टी कमी असेल तर तो चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, सरपटताना खरखर ऐकू येते.

‘तू गुण लिही’ हा मुलाला बाहेर ठेवायचा सभ्य मार्ग आहे. त्याने स्वतः मागितलं तरच द्या. मुलीने आज नको म्हटलं तर कारण चारचौघांत विचारू नका. ओढणी कमरेला गाठ मारून बांधायला सांगा. पिन असेल तर ती काढूनच आत.

दमा असलेल्या मुलाचा पंप वर्गातल्या दप्तरात नको, तुमच्या खिशात हवा. त्याचा पहिला डाव पाठलागाचा ठेवा, म्हणजे आधी बसून मग थोडं-थोडं पळणं होतं. थंडीच्या सकाळी एकदम जोरात पळवलं की धाप तिथेच लागते.

हरलेल्या गटाला फेऱ्या मारायला लावू नका. पळणं ही शिक्षा ठरली की पुढच्या तासाला निम्म्यांच्या पोटात दुखतं.