जुनी गाणी लावायचीत? आधी वही करा

रेडिओवर निवेदक झालो आणि पहिल्याच महिन्यात मी माती खाल्ली. 'अरे संसार संसार' लावलं आणि ऐटीत सांगून मोकळा झालो, "लताबाईंच्या आवाजात." गाणं संपायच्या आत आसोद्याहून फोन आला. म्हातारीच होती. "भाऊ, लता नही, सुमन कल्याणपूर हाये ती. आन् बहिनाबाईचं नाव कोन घेईन?" आसोदं म्हणजे बहिणाबाईंचं माहेर, तिथे तर ही चूक अजिबात पचणार नव्हती. 1961 च्या 'मानिनी'तलं गाणं, संगीत वसंत पवारांचं. पुढच्या निवेदनात सगळं नीट सांगितलं, माफीही मागितली.

त्या दिवसापासून वही केली. गाणं, गायक, गीतकार, संगीतकार, चित्रपट, साल. नेटवरच्या नावांवर विसंबू नका, तिथे गीतकाराचा पत्ताच नसतो. कॅसेटचं कव्हर किंवा तबकडीवरचा कागद वाचा.

दुसरी चूक नवखे हमखास करतात: बहिणाबाईंच्या गाण्यांना अहिराणी म्हणणं. ती लेवा गणबोली, जळगाव-यावलकडची. अहिराणी धुळे, अमळनेर, चाळीसगावकडची. दोन्हीकडचे श्रोते हा फरक लगेच पकडतात, आणि सुनावतातही.

आकाशवाणीत नैमित्तिक, म्हणजे गरजेपुरता बोलावला जाणारा, निवेदक व्हायचं तर लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी द्यावी लागते. आपल्याकडे खानदेशात डोळ्याचा 'डोया' होतो, तेव्हा ळ आणि ण घोटून घ्या. मी महिनाभर रोज पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचायचो, घरचे वैतागले. मात्र फोनवर आजी 'केयी' म्हणाल्या तर त्यांना 'केळी' शिकवायला जाऊ नका.

मानधन ड्यूटीप्रमाणे मिळतं. त्यावर घर चालत नाही. मी शिकवण्या घेत होतो.

आता गाण्यांचं. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून त्या काळची बरीच गाणी आखूड. तासाला तेरा-चौदा गाणी घेतली की बोलायला दहाबारा मिनिटं उरतात, आणि तेवढी पुष्कळ झाली. गाण्याच्या सुरुवातीची वाद्यं वाजत असताना बोलायचं नाही. नव्या गाण्यांना खपून जातं, पण इथले लोक त्या सतारीच्या तुकड्यासाठीच रेडिओ लावून बसलेले असतात.

कुठे बसलेले? रावेर-यावलकडे रात्रीची लाइट आली की शेतकरी केळीला पाणी द्यायला जातो. खिशात मोबाइल, कानात इअरफोन. त्याची वायरच एफएमची अँटेना. मी रात्रीचा कार्यक्रम त्याच्यासाठीच बांधायचो: दहानंतर भजन नाही, लावणी आणि शेतातली गाणी. झोप येता कामा नये.

हक्कांचंही विचारून ठेवा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षांनी संपतो, पण गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. जुनं म्हणजे फुकट, असं नाही.

आसोद्याच्या आजी पुढेही फोन करायच्या. फर्माईश सांगायच्या आधी माझी परीक्षा घ्यायच्या, "सांग, संगीत कोनाचं?"